कोसेकीत आईचं नाव: जपानी नागरिकत्वाच्या अर्जाची दोन वर्षं

तोक्योच्या कुदानशिता स्टेशनातून बाहेर पडलं की चालत जाण्याच्या अंतरावर दोन कार्यालयं आहेत. एक तोक्योचं होमुक्योकु, म्हणजे जपानच्या कायदा मंत्रालयाचं स्थानिक कार्यालय; जपानी नागरिकत्वाचा अर्ज तिथे द्यायचा. दुसरं कार्यालय म्हणजे चिदोरिगाफुचीच्या खंदकाजवळचा भारतीय दूतावास. भारतीय पासपोर्ट तिथे परत करायचा. या दारातून त्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२५ एवढा काळ लागला. निशिकासाईहून तोझाई लाइननं कुदानशिताला थेट जाता येतं, एवढाच काय तो सोपा भाग.

खालची सगळी माहिती नोकरी करणारे नवरा-बायको आणि जपानात जन्मलेली आठ वर्षांची मुलगी अशा कुटुंबाची आहे. स्वतःचा व्यवसाय असेल तर कागद बरेच वाढतात. जोडीदार जपानी असेल तर वास्तव्याची अट सैल होते. नियम आणि ते लावण्याची पद्धत बदलत असते, म्हणून इथल्या आकड्यांकडे आमच्या वेळचे आकडे म्हणूनच बघा आणि पहिल्या भेटीत सगळं विचारून घ्या.

आधी स्वतःला विचारायचा प्रश्न: नागरिकत्व हवंय की नुसतं स्थैर्य? स्थैर्यच हवं असेल तर 'एइजू', म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, पुरतो आणि भारतीय पासपोर्टही राहतो. नागरिकत्व घेण्याला जपानीत 'किका' म्हणतात, आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याचं कलम ९ त्याबाबत स्पष्ट आहे. जपानात जन्म झाला म्हणून मुलाला नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील जपानी असावे लागतात. आमच्या मुलीची शाळा, मैत्रिणी, भाषा सगळं इथलं आणि तिच्या खिशात मात्र परदेशी माणसाचं झायर्यू कार्ड, म्हणजे वास्तव्याचं ओळखपत्र. आमचा निर्णय तिथून झाला. केवळ पासपोर्टावर व्हिसा कमी लागतात म्हणून किका करावी असं मला वाटत नाही. तेवढ्यासाठी हे फार महाग पडतं, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये.

अटी १९५० च्या जपानी नागरिकत्व कायद्यात आहेत. आमच्या वेळी सलग पाच वर्षांचं वास्तव्य, वय १८ पूर्ण (एप्रिल २०२२ पूर्वी २० होतं), चांगली वर्तणूक, घर चालेल एवढं उत्पन्न. 'चांगली वर्तणूक' म्हणजे व्यवहारात कर, पेन्शन आणि वाहतुकीचे दंड. 'सलग' हा शब्दही जपून वाचा. बाळंतपणासाठी किंवा कंपनीच्या कामासाठी एकदम तीन महिन्यांहून जास्त दिवस जपानबाहेर राहिलात, तर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली जाऊ शकते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये होमुक्योकुला फोन केला. सल्ल्याची पहिली वेळ जानेवारी २०२३ मधली मिळाली. फोनवरच व्हिसाचा प्रकार, जपानात आल्याचं वर्ष, लग्न, मुलं विचारतात, आणि ते जपानीतच विचारतात. त्या पहिल्या भेटीत तासभर अधिकाऱ्यांनी आमच्या दोघांच्या घरांची वंशावळ कागदावर काढली. आजी-आजोबा सोडून सगळे: आईवडील, भावंडं, ती कुठे असतात, कोण हयात नाही. मग एका छापील यादीवर आमच्यासाठी लागणाऱ्या कागदांसमोर खुणा करून दिल्या. ही यादी सोन्यासारखी सांभाळा. इंटरनेटवरच्या याद्या दुसऱ्यांच्या कुटुंबाच्या असतात.

यादी बघताना एक गोष्ट कळली आणि पुढची सगळी कामं तिच्याभोवती फिरली. जपानी नागरिकाची नोंद एकट्या माणसाची नसते, कुटुंबाची असते. तिला कोसेकी म्हणतात. त्यात तुमचे आईवडील कोण, तुम्ही त्यांचं कितवं अपत्य, लग्न कुणाशी, मुलं कोणती हे सगळं साखळीसारखं बसतं. नवी कोसेकी तयार करायची तर साखळीची प्रत्येक कडी कागदानं सिद्ध करावी लागते. त्यामुळे आपल्यासारख्यांचं खरं काम तोक्योत नसतं. ते पुण्यात, सांगलीत, अकोल्यात, गावच्या नगरपालिकेत असतं. जपानी कागद महिनाभरात गोळा झाले, महाराष्ट्रातल्या कागदांना सहा महिने लागले.

प्रत्येक अर्जदारासाठी लागतं ते असं: स्वतःचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाह दाखला, सगळ्या भावंडांचे जन्मदाखले, आईवडिलांपैकी कुणी गेलं असेल तर मृत्यूचा दाखला, आणि स्वतःच्या लग्नाचा दाखला. वाचायला सोपं आहे. आता आपल्याकडची परिस्थिती बघा.

जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे नवऱ्याचा जन्म पुण्याचा असं सगळे म्हणत असले तरी नोंद सासूबाईंच्या माहेरच्या गावी निघाली. आधी तिथे शोधा. जुन्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. असा दाखला चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन नाव घालून घ्यावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नवा दाखला हातात पडला की काउंटरवरच उभं राहून अक्षर न अक्षर तपासा. आमच्या एका दाखल्यात वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं आणि ते तोक्योला पोहोचल्यावर लक्षात आलं. पाच आठवडे गेले.

तारखा. आमच्या दोन्ही घरांत मिळून तिघांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी मांडलेली तारीख, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जपानी अधिकाऱ्याला तीन वेगवेगळ्या वर्षांचा १ जून दिसला की तो थांबतो, आणि त्यानं थांबणं बरोबरच आहे. आम्ही एका पानावर कारण साध्या जपानीत लिहून जोडलं. खरी तारीख असलेला कागद आणि शाळेची तारीख असलेला कागद, दोन्ही दिले. लपवायला गेलात तर नंतर मुलाखतीत निघतं.

आईवडिलांचा विवाह दाखला. सत्तरच्या दशकातली लग्नं मांडवात झाली, नोंदणी कार्यालयात कुणी गेलं नाही. दोघं हयात असतील तर आजही नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र. माझ्या आईवडिलांनी वयाच्या सत्तरीत जाऊन सही केली. सासरे हयात नाहीत, त्यामुळे तिकडे हा मार्ग बंद होता. अशा वेळी होमुक्योकु 'शिन्जुत्सुशो' नावाचं निवेदन मागतं: आईनं स्वतः सही करून लिहून द्यायचं की माझं लग्न अमुक साली अमुक व्यक्तीशी झालं आणि आम्हाला ही ही मुलं झाली. ते मराठीत लिहून जपानी भाषांतर जोडलेलं चाललं. सोबत रेशनकार्डाची प्रत आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र दिलं. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायचं सरकारी प्रमाणीकरण, आमच्याकडे मागितलं नाही, पण पहिल्या भेटीत विचारा.

आणि आईचं नाव. याच्यावर मला थोडं थांबायचंय. समजा एक बाई माहेरची कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुनीता. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, आडनाव बदललं. म्हणजे एका दिवसात नावाचे तिन्ही शब्द बदलले. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरी, आणि कुठे कुठे नुसतं 'सौ.'. जपानी कोसेकीत त्या रकान्यात एकच नाव बसतं, तेही काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, आणि कायमचं. आम्ही दोन्ही आयांसाठी 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, तेव्हा १०० रुपयांच्या मुद्रांकावर. पण त्यानं ओळख सिद्ध होते. कोणतं नाव लिहायचं ते ठरत नाही. अधिकारी म्हणाले, जन्मदाखला आणि विवाह दाखला यांत जुळणारं नाव द्या. म्हणून दाखले काढतानाच कोणतं नाव पुढे चालवायचं ते आईला विचारून ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच येईल असं बघा. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "माझं खरं नाव लिहा गं, कुठेतरी राहू दे." विवाह नोंदणीच्या अर्जात लग्नाआधीचं नाव असतंच. तिच्या बाबतीत माहेरचं नाव चाललं. सासूबाईंच्या बाबतीत सासरचं गेलं, कारण माहेरच्या नावाचा एकही कागद उरला नव्हता.

भाषांतर कुणीही केलेलं चालतं, अगदी अर्जदारानंही. खाली भाषांतरकाराचं नाव, पत्ता, तारीख आणि सही हवी. मराठी दाखल्यांचं भाषांतर मी घरीच केलं. शिक्क्यावरचा मजकूर, 'शेरा' हा रकाना, कोपऱ्यातला नोंद क्रमांक, काही सोडू नका. एकच नाव सगळ्या कागदांवर काताकानात एकाच पद्धतीनं लिहा. यासाठी मी पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांच्या नावांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला.

जपानी बाजूचे कागद भराभर सांगते. कुयाकुशोतून, म्हणजे वॉर्डाच्या कार्यालयातून, जुमिन्ह्यो (रहिवासाचा दाखला), उत्पन्न आणि कराचे दाखले; कंपनीकडून नोकरी-पगाराचा दाखला; पेन्शन भरल्याचा पुरावा; घराच्या भाडेकराराची आणि बँकेच्या पासबुकाची प्रत; पदवीची प्रत; गाडी चालवत असाल तर मागच्या पाच वर्षांचा वाहतूक दंडांचा दाखला; घरच्यांसोबतचे दोन-तीन साधे फोटो. स्टेशनपासून घर आणि ऑफिस दाखवणारा नकाशा. ऑनलाइन नकाशा छापून चिकटवलेला चालतो. सगळं दोन प्रतींत, मूळ आणि झेरॉक्स, ए-४ मापात. अर्जावरचा फोटो ५ बाय ५ सेंटिमीटर, पासपोर्टच्या मापाचा नाही.

यात एक खड्डा आहे. मागच्या वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास तारखेसह लिहायचा असतो, आणि विमानतळावर स्वयंचलित फाटकातून गेलात तर पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. आठवणीवर जाऊ नका. इमिग्रेशन खात्याकडे स्वतःच्या येण्या-जाण्याची नोंद मागवता येते, ३०० येनचा स्टॅम्प लावून पोस्टानं. महिनाभर लागतो, म्हणून हे काम सुरुवातीलाच करा.

जीवनवृत्ताच्या फॉर्ममध्ये जन्मापासून आजपर्यंत एकही महिना रिकामा ठेवायचा नाही. नोकरी सुटल्यावर घरी बसलेले चार महिने 'नोकरी शोधत होते' असे लिहायचे. तारखा जपानी कालगणनेत: १९८५ म्हणजे शोवा ६०, २०१६ म्हणजे हेइसेई २८.

नातेवाईकांच्या फॉर्ममध्ये प्रत्येकापुढे नाव, वय, पत्ता, फोन, व्यवसाय असतो. आणि शेवटी एक चौकट: अर्जदाराच्या नागरिकत्वाबद्दल मत. संमती, विरोध किंवा विशेष काही नाही, यांपैकी एकावर खूण करायची. तोपर्यंत हे सगळं कागदांचं काम होतं. त्या चौकटीसाठी मात्र एकेकाला फोन करून खरंच विचारावं लागलं. आम्ही विचारलं. माझ्या धाकट्या दिरांनी 'विशेष काही नाही' लिहायला सांगितलं, आम्ही तेच लिहिलं. एखाद्याचं मत विरोधी असलं तरी अर्ज अडत नाही असं अधिकाऱ्यांनी आपणहून सांगितलं. खोटी संमती लिहू नका. नातेवाईकांना फोन येऊ शकतो, आणि तसंही घरच्यांचं मत परक्या सरकारच्या कागदावर चुकीचं जाऊ नये.

'दोकिशो' म्हणजे अर्जाचं कारण सांगणारं पत्र. ते हातानं लिहायचं, टाइप केलेलं चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. एक पान पुरे. कधी आलात, काय काम करता, जपानात कुठे गुंतला आहात, पुढे काय करायचंय, मूळ देशाचं नागरिकत्व जाईल हे समजलंय का. जपानची स्तुती करत बसू नका. मी पहिल्या मसुद्यात साकुरा (चेरीची फुलं) आणि शिस्त लिहिली होती. नंतर ते खोडून सोसायटीच्या भूकंप सरावात मी कोणतं काम करते आणि मुलीच्या शाळेच्या पालकसंघात काय केलं ते लिहिलं.

आता नाव. अर्जातच 'नागरिकत्वानंतरचं नाव' असा रकाना आहे. हिरागाना आणि काताकाना या उच्चारानुसार लिहायच्या लिप्या आणि सरकारी यादीतली कानजी, म्हणजे चिनी मुळाची अक्षरं, एवढ्यातूनच नाव लिहिता येतं. रोमन लिपी चालत नाही आणि मधलं नाव नावाचा प्रकारच नाही: आडनाव आणि नाव, बस्स. म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत इथे संपते. अनेकांना वाटतं जपानी वाटणारं नाव घ्यावंच लागतं. तसं नाही. लेखक लाफकादिओ हर्न १८९६ साली कोइझुमी याकुमो झाले, आडनाव बायकोच्या घराचं. याउलट जपानी साहित्याचे अभ्यासक डोनाल्ड कीन २०१२ साली नागरिक झाले आणि कोसेकीत काताकानातच 'कीन दोनारुदो' राहिले. पुण्यात शिकलेले आणि २०१९ साली तोक्योच्या एदोगावा वॉर्डात निवडून आलेले योगेंद्र पुराणिक 'योगी' हे नाव हिरागानात लिहून निवडणूक लढले. वाट प्रत्येकाची वेगळी.

आपल्या नावांचं काताकाना करताना काय होतं ते बघून घ्या. ल, ळ आणि र तिन्ही एकाच अक्षरात जातात. जोडाक्षर सुटं होतं, देशपांडेचं दे-शु-पा-न-दे होतं. दीर्घ स्वराची आडवी रेघ द्यायची की नाही ते आधीच ठरवा, कारण जोशीतली एक रेघ कमी-जास्त झाली तरी बँकेला ते दुसरं नाव वाटतं. मुलीचं नाव मीरा. तिला कानजी हवी होती. सुंदरचा 'मि' आणि नारा शहराच्या नावातला, 'चांगलं' या अर्थाचा 'रा' अशी दोन अक्षरं तिनं निवडली आणि आठवडाभर वहीत गिरवली. उच्चार तसाच राहिला, आजीला वेगळं काही म्हणावं लागत नाही.

बायकांनी एक लक्षात घ्यावं: नवरा-बायको दोघंही जपानी नागरिक झाले की आडनाव एकच लागतं. नवऱ्याचं किंवा बायकोचं, पण एक. मी लग्नानंतर माहेरचं आडनाव बदललं नव्हतं. पुण्यात ते माझ्या हातात होतं, इथे नव्हतं. आम्ही दोन्ही आडनावांचा विचार केला आणि मुलीच्या शाळेतलं नाव तुटू नये म्हणून नवऱ्याचं ठेवलं. मला अजून ते सही करताना जाणवतं.

'होन्सेकी' म्हणजे कोसेकीचा कायमचा पत्ता. तो जपानात कुठलाही देता येतो. पुष्कळ लोक सम्राटांच्या राजवाड्याचा पत्ताही देतात. त्या वेळच्या आमच्या हिशेबानं, कोसेकीची प्रत जिथून सहज मिळेल तेच ठिकाण बरं, म्हणून आम्ही राहत्या वॉर्डातलाच दिला.

ऑगस्ट २०२३ ला दुसरी भेट, कागदांची तपासणी. सतरा दुरुस्त्या निघाल्या. ऑक्टोबर २०२३ ला तिसऱ्या भेटीत अर्ज स्वीकारला. त्या दिवशी अधिकाऱ्यासमोर शपथपत्र मोठ्यानं वाचून सही करायची असते: जपानचं संविधान आणि कायदे पाळीन, ठरवून दिलेली कर्तव्यं पार पाडीन, चांगला नागरिक होईन. तीन ओळींचा मजकूर आहे. घरी दोन-तीनदा वाचून जा, आवाज कापतो. अर्जाला फी नाही. तिघांचे जपानी दाखले, फोटो, पोस्ट मिळून २० हजार येनच्या आसपास, आणि महाराष्ट्रातले दाखले, नोटरी, कुरिअर मिळून सुमारे ९ हजार रुपये लागले. ग्योसेइशोशीला, म्हणजे कागदपत्रं तयार करून देणाऱ्या परवानाधारक सल्लागाराला, काम दिलं तर दीड-दोन लाख येन सहज जातात. आमच्या मते मराठी कागदांचा घोळ त्यालाही सोडवता येत नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

अर्ज गेल्यावर वाट बघणं. या काळात नोकरी, पत्ता, फोन बदलला, वाहतुकीचा दंड झाला, कुणाचा जन्म-मृत्यू झाला तर लगेच कळवायचं. परदेशी जाताना जाण्याआधी आणि आल्यावर फोन करायचा. आम्ही मे २०२४ मध्ये दहा दिवस घरी जाऊन आलो, काही अडलं नाही.

मुलाखत फेब्रुवारी २०२४ मध्ये, नवरा-बायकोची वेगवेगळी, माझी पन्नास मिनिटं. फॉर्मवरचं प्रत्येक वाक्य पुन्हा विचारतात. पहिल्या नोकरीत काय करत होता, लग्न कसं जमलं, मोठ्या भावाला शेवटचं कधी भेटलात. उत्तरं लांबवू नका. लिहायची-वाचायची छोटी परीक्षाही झाली, प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या पातळीची. तिसरीपर्यंतची कानजी ४४० आहेत. बोलणं अस्खलित असूनही हातानं लिहिणं सुटलेले बरेच जण इथे अडखळतात, कारण ऑफिसात सगळे टाइप करतात. मुलीच्या शाळेच्या वह्या घेऊन बसा, त्याहून चांगलं पुस्तक नाही.

त्यानंतर नऊ महिने काहीच नाही. फोन करून विचारू नका, 'तपासणी चालू आहे' एवढंच उत्तर मिळतं.

मंजुरी 'कानपो' या सरकारी राजपत्रात छापून येते. नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमची नावं आली, जुन्या नावानं, काताकानात. राजपत्राच्या तारखेपासूनच तुम्ही जपानी नागरिक, आणि त्याच तारखेला भारतीय नागरिकत्व संपतं. होमुक्योकुचा फोन काही दिवसांनी येतो. त्या आठवड्यात महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार चालू होता आणि घरच्या ग्रुपवर कुणाला मत द्यायचं याची चर्चा. आमचा त्यातला भाग संपला होता. मतदारयादीत नाव असेल तर फॉर्म ७ भरून काढून घ्या.

आता घड्याळ सुरू होतं. झायर्यू कार्ड १४ दिवसांत इमिग्रेशनला परत, पोस्टानंही चालतं. होमुक्योकुतून मिळालेलं ओळखपत्र घेऊन एका महिन्यात कुयाकुशोत 'किका-तोदोके', म्हणजे नागरिकत्व मिळाल्याचं सूचनापत्र, द्यायचं. त्यावरून कोसेकी तयार व्हायला आमच्याकडे दहा दिवस लागले. कोसेकीची प्रत ४५० येन. ती मिळाल्याशिवाय जपानी पासपोर्टचा अर्ज होत नाही.

म्हणजे राजपत्राच्या दिवसापासून नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत महिना-दीड महिना तुमच्याकडे प्रवासाचा कोणताच कागद नसतो. भारतीय पासपोर्ट तारखेनं वैध दिसत असला तरी तो वापरायचा नाही. घरी आईवडील थकलेले असतील तर त्यांना आणि भावंडांना हे आधीच सांगून ठेवा, आणि राजपत्र कधीही येऊ शकतं हे धरून भेटायचं असेल त्यांना भेटून या. आम्ही मे मध्ये गेलो ते याचसाठी.

कोसेकीची पहिली प्रत घेतली तेव्हा मी काउंटरवरच आईच्या नावाचा रकाना बघितला. काताकानात, लग्नाआधीचं नाव. त्या पानाचा फोटो आईला पाठवला. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून खाली देवनागरीत लिहिलं. कोसेकीत जुनं नावही नोंदलेलं असतं. पुढे प्रत्येक बँकेत, विमा कंपनीत आणि भारतात नावबदलाचा हाच पुरावा. चार-पाच प्रती एकदमच घ्या.

जपानी पासपोर्टवर नाव हेपबर्न पद्धतीच्या रोमन लिपीत येतं. तसंच जाऊ दिलंत तर देशपांडेमध्ये 'श' नंतर 'यू' वाढतो आणि ते नाव भारतातल्या कुठल्याच कागदाशी जुळत नाही. जुनं स्पेलिंग ठेवण्यासाठी वेगळा अर्ज असतो, सोबत जुना पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवायचा. म्हणून भारतीय पासपोर्ट दूतावासात परत करण्याआधी जपानी पासपोर्ट काढा, आणि जुन्याच्या सगळ्या पानांच्या रंगीत प्रती ठेवा. शुल्क तेव्हा दहा वर्षांच्या पासपोर्टला १६,००० येन, १२ वर्षांखालच्या मुलीला ६,००० येन होतं.

जानेवारी २०२५ मध्ये दूतावासात तिघांचे पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलं. ते हातात आल्यावरच ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डाचा अर्ज करता येतो. तो ऑनलाइन भरायचा, फोटो दोन बाय दोन इंच, मुलांच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या सह्या. माझं आडनाव बदललेलं असल्यामुळे कोसेकी आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडलं. कार्डं मे महिन्यात आली. ओसीआयवर भारतात मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली जमीन चालते. गावाकडे सातबारावर नाव असेल तर किकाच्या आधी वकिलाला कागद दाखवून घ्या. बँक, म्युच्युअल फंड आणि पॅनच्या नोंदी नव्या पासपोर्टप्रमाणे बदलायला आम्हाला आणखी तीन महिने लागले.

जून २०२५ मध्ये पोस्टानं मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या, २२ जूनच्या तोक्यो महानगर विधानसभेसाठी. इथे मतपत्रिकेवर चिन्हं नसतात. बूथमधल्या पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव आपल्या हातानं लिहायचं. कानजी आठवली नाही तर हिरागानात लिहिलेलं चालतं, आणि उमेदवारांची यादी समोरच लावलेली असते.